तीन मैलांच्या आंतील जुगार

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यांत तेलगांव म्हणून एक गांव आहे. बीडहून परळीस जाणारा रस्ता आणि माजलगांवहून धारूरकडे जाणारा रस्ता असे दोन मार्ग येथें एकमेकांस मिळतात. सुंदरराव सोळंके ह्यांच्या नांवाचा सहकारी साखर कारखाना जवळच आहे. त्यामुळें गाळपाच्या दिवसांत गाड्या, मजूर आणि रोख पैसा ह्यांची वर्दळ तेथें असते. अशा एखाद्या नाक्यावरच्या गांवीं चार माणसांनीं संध्याकाळीं पत्त्यांचा डाव मांडला व त्यावर पैसे लावले, तर तो डाव मुंबईच्या एखाद्या पेठेंत किंवा पणजीच्या मांडवी नदींत मांडलेल्या डावाहून निराळा असतो काय? पत्ते तेच, हरणारा तसाच, आणि घरीं त्याची वाट पाहणारीं मुलेंहि तशींच. नीतीच्या दृष्टीनें प्रश्नाचें उत्तर सरळ आहे. कायद्याच्या दृष्टीनें मात्र तें सरळ नव्हतें, आणि पुष्कळ ठिकाणीं अजूनहि नाहीं. ‘काय खेळतां?’ हें विचारण्यापूर्वीं ‘कोठें खेळतां, आणि तेथें वस्ती किती आहे?’ असें विचारण्याची कायद्याला जुनी संवय आहे.

ही संवय इंग्रजांनीं आणली असेंहि म्हणतां येत नाहीं. आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांत ह्या बाबतींत दोन तट होते. मनूनें द्यूत राज्यांतून समूळ घालवावें असें सांगितलें. कौटिल्य व्यवहारी, त्यानें द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी नेमला, सगळें द्यूत एकाच ठरावीक जागीं चालावें अशी आज्ञा केली, दुसरीकडे खेळणारास बारा पणांचा दंड ठेवला आणि जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच राजाच्या खजिन्यांत घेण्याची तरतूद केली. एका जागीं खेळ आणण्याचें कारणहि त्यानें स्पष्टपणें दिलें आहे: गुप्तपणें उपजीविका करणारे लोक, म्हणजे चोर-भामटे, त्यामुळें ओळखूं येतात. पाप किती मोठें आहे ह्यापेक्षां पाप करणारे कोठें जमतात ह्याकडे त्याचें लक्ष होतें. पुढील सर्व इतिहासांत मनू बोलत राहिला आणि कौटिल्य राज्य करीत राहिला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. द्यूतप्रतिपदेच्या दिवशीं घरोघर मांडल्या जाणाऱ्या सोंगट्यांची गोष्ट वेगळी. त्या दिवसापुरता धर्मच खेळाची परवानगी देतो, आणि तीहि वर्षांतून एकदांच.

इंग्रजी अमदानींत ह्या विषयावरील मुख्य कायदा झाला तो १८६७ सालचा. वायव्य प्रांत, पंजाब, अयोध्या, मध्य प्रांत व ब्रह्मदेश ह्या मुलुखांसाठीं तो केलेला होता. मध्य प्रांतांत नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा हे मराठी जिल्हे येत असल्यामुळें मराठी माणसाचा ह्या कायद्याशीं पहिल्यापासून संबंध आला. जुगाराचा अड्डा चालविणाऱ्यास दोनशें रुपयांपर्यंत दंड अथवा तीन महिन्यांची कैद, आणि अड्ड्यांत सांपडलेल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड अथवा एक महिन्याची कैद, अशा त्यांतील शिक्षा आजच्या मानानें किरकोळ वाटतील. परंतु शिक्षांपेक्षां महत्त्वाचें आहे तें त्याचें दुसरें कलम. तें सांगतें कीं, ह्या कायद्याचीं केवळ दोन कलमें सर्व मुलुखाला लागू होतील. बाकीचीं कलमें प्रांतिक सरकारनें गॅझेटांत जाहीर केल्यावर एखाद्या शहराला, गांवठाणाबाहेर वाढलेल्या पेठेला किंवा उपनगराला, रेल्वे स्टेशनाला आणि त्या स्टेशनाच्या कोणत्याहि भागापासून तीन मैलांच्या आंत असलेल्या जागेला लावतां येतील.

तीन मैल! एखाद्या स्टेशनाभोंवतीं तीन मैलांचें वर्तुळ काढलें, तर सुमारें अठ्ठावीस चौरस मैलांचा प्रदेश होतो. त्यांत शेतें, ओढे आणि दोन-चार खेडींहि येत असतील. परंतु कायद्याच्या लेखीं तो सगळा प्रदेश जणूं शहरच झाला. मुंबई-ठाणें हा लोहमार्ग १८५३ सालीं सुरू झाला होता आणि नागपूरपर्यंत गाडी पोंचली तें वर्ष १८६७ हेंच. आगगाडीनें माणसांचे असे लोंढे एकत्र आणले कीं, त्यांत कोणी कोणाला ओळखीत नव्हतें. खेड्यांत जुगारी कोण, त्याला पैसा कोणी दिला आणि त्याची बायको माहेरीं कां गेली, हें पाटलापासून परटापर्यंत सर्वांस ठाऊक असतें. स्टेशनावर उतरलेल्या माणसाबद्दल कोणालाच कांहीं ठाऊक नसतें. सरकारनें लोकवस्ती मोजण्याचा जो उपाय काढला तो डोकीं मोजण्याचा नव्हता. अनोळखी गर्दी जेथें जमते तेथें रेघ ओढण्याचा होता. ह्या देशांतील पहिली सार्वत्रिक शिरगणती त्यानंतर चार-पांच वर्षांनीं, १८७२ च्या सुमारास झाली. त्याआधींच्या कायद्यास रेल्वेचें स्टेशन हेंच वस्तीचें सोयीचें माप वाटलें असल्यास नवल नाहीं.

मर्यादा घालण्याचें आणखी एक कारण कायद्याच्या पोटांतच आहे. ह्या कायद्यानें पोलिसांस फार मोठा अधिकार दिला होता. वॉरंटावर घरांत शिरावें, झडती घ्यावी, आणि झडतींत पत्ते, फांसे किंवा तसलें साहित्य मिळालें तर तें घर अड्डा आहे असें न्यायाधीशानें उलट पुरावा येईपर्यंत गृहीत धरावें. गुन्हा सिद्ध करण्याचा भार जेथें असा आरोपीवर लोटला जातो, तेथें तें हत्यार प्रत्येक खेड्यांतील शिपायाच्या हातीं देणें सरकारला धोक्याचें वाटलें असावें. शहरांत निदान मॅजिस्ट्रेट जवळ असतो आणि वकीलहि मिळतो.

परंतु ह्या रेघेचा परिणाम काय झाला तें नीट पाहण्यासारखें आहे. सर्व मुलुखाला लागू असलेल्या दोन कलमांपैकीं तेरावें कलम रस्त्यावर, बाजारांत किंवा सार्वजनिक जागीं पैसे लावून खेळणाऱ्यांबद्दल होतें. अशा माणसांस पोलिसानें वॉरंटावांचून पकडावें आणि त्यांना पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा महिन्याची कैद व्हावी, असें तें होतें. म्हणजे ज्या खेड्याला बाकीचीं कलमें लावलेलीं नव्हतीं, तेथें पारावर बसून खेळणारा शेतमजूर गुन्हेगार ठरे. आणि त्याच खेड्यांतील वाड्यांत, दार लावून, समईच्या उजेडांत रात्रभर डाव मांडणारा मालक ह्या कायद्याच्या हातीं लागत नसे. जुगार वाईट म्हणून कायदा झाला, आणि खेड्यापुरतें त्यानें सांगितलें तें इतकेंच कीं, जुगार खेळावयाचा असेल तर घर बांधा. कायदे करणाऱ्यांचा हेतु असा होता असें म्हणण्यास आधार नाहीं. तथापि हेतु नसतांना झालेला अन्याय हा भोगणाऱ्याला कमी जाणवतो असेंहि नाहीं.

मुंबई इलाख्याचा प्रवास थोडा निराळा आहे. तेथील जुन्या तरतुदी एकत्र करून १८८७ सालीं जुगारबंदीचा चौथा कायदा झाला. त्यांतहि मुंबई शहर, आसपासचा साष्टीचा भाग, रेल्वे, रेल्वेचीं स्टेशनें आणि स्टेशनांपासून तीन मैलांच्या आंतील जागा हीच मूळ व्याप्ति होती. इतर ठिकाणीं सरकारनें जाहीरनामा काढून तो लावावयाचा होता. मुंबई शहराची लोकसंख्या १८८१ च्या शिरगणतींत ७,७३,१९६ होती, आणि एवढ्या मोठ्या शहरांत पैज लावण्यास पत्त्यांची सुद्धां गरज उरली नव्हती. पावसावर सट्टा चाले. अमक्या वेळेपर्यंत पाऊस पडेल काय, आणि पडला तर छपरावरून पाणी वाहण्याइतका पडेल काय, ह्यावर पैसे लावण्यासाठीं माणसें जमत. आकाशाकडे पाहणारा शेतकरी आणि आकाशाकडे पाहणारा सटोडिया, दोघेहि एकाच ढगाची वाट पाहत. एकाला पीक हवें होतें, दुसऱ्याला भाव. कायद्यांतील जुगाराच्या व्याख्येंत हा प्रकार नीटसा बसेना. पावसाला जुगाराचें साहित्य कसें म्हणावयाचें, आणि जप्त तरी काय करावयाचें? शेवटीं १८९० सालीं कायद्याला दुरुस्ती जोडून पावसावरील पैज त्याच्या कक्षेंत आणावी लागली. बंगालमध्येंहि हाच प्रकार इतका माजला कीं, तेथें १८९७ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

तेलगांव ह्या सगळ्याच्या बाहेर होतें, आणि तें दोन कारणांनीं. एक तर बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत. इंग्रज सरकारचा कायदा तेथें चालत नसे. दुसरें, तो इंग्रजी मुलुखांत असता तरी तीन मैलांच्या मापानें सुटला असता. बीड जिल्ह्यास रेल्वेनें किती वाट पाहायला लावली हें सर्वश्रुत आहे. परळी वैजनाथ जंक्शन जिल्ह्याच्या पूर्व कडेला. खुद्द बीड शहरांत अहिल्यानगरहून येणारी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. स्टेशनावरून कायदा मोजावयाचा म्हटलें, तर बीड शहराच्या वाट्याला तो सव्वाशेंहून अधिक वर्षें उशिरां आला असता.

निजामाच्या राज्यांत १३०५ फसली सालचा, म्हणजे इ. स. १८९५-९६ च्या सुमाराचा, दुसऱ्या क्रमांकाचा कायदा होता. त्याचा सांगाडा इंग्रजी कायद्यासारखाच. घर, खोली, तंबू, आवार किंवा वाहन, जेथें जुगाराचें साहित्य मालकाच्या नफ्यासाठीं ठेवलें जातें, तो अड्डा. ह्या कायद्यांतील शब्दांचा पुरता उलगडा पुढें सुप्रीम कोर्टासमोर झाला, आणि तोहि निजामाचें राज्य जाऊन एकोणीस वर्षें लोटल्यावर. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबांत रमी खेळणाऱ्यांवर खटला भरला गेला होता. १९६७ च्या नोव्हेंबरांत न्यायमूर्ति हिदायतुल्ला ह्यांनीं निकाल दिला कीं, रमी हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. कोणता पत्ता ठेवावा व कोणता टाकावा ह्याला स्मरण आणि कसब लागतें. आणि क्लबानें पत्ते व बैठकीसाठीं थोडी फी घेतली म्हणून तेवढ्यानें त्याचा अड्डा होत नाहीं. ह्या निकालाचा आधार आज देशभर घेतला जातो. मात्र तो ज्या कायद्यावर दिला, त्याचा अंमल मराठवाड्यांतून तोंवर उठलेला होता. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद भारतांत सामील झालें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९५९ च्या चौदाव्या कायद्यानें १८८७ चा मुंबईचा कायदा राज्याच्या ज्या भागांत नव्हता तेथेंहि लागू करण्यांत आला. तेलगांव आणि मुंबई ह्यांच्यामधील जुगाराची सीमा त्या वर्षीं पुसली गेली. आतां पार आणि वाडा दोघेहि एकाच कलमाखालीं आले.

सीमा पुसली गेली आणि नेमका त्याच सुमारास सीमेवांचून चालणारा जुगार जन्मास आला, हा इतिहासाचा विनोदच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व मिटते भाव तारेनें मुंबईस येत आणि त्या आंकड्यांवर पैजा लागत. १९६१ सालीं तो भाव येणें बंद झालें. तेव्हां कल्याणजी भगत ह्यांनीं १९६२ सालीं आणि रतन खत्री ह्यांनीं १९६४ सालीं स्वतःचेच आंकडे काढण्यास सुरुवात केली. आंकडे मडक्यांतून काढले जात म्हणून त्याचें नांव मटका. ह्याला घर नको, तंबू नको, पत्ते नकोत. लागते ती एक चिठ्ठी आणि टेलिफोनवरून कळणारा एक आंकडा. जेथें पोस्टाची तार पोंचली तेथें मटका पोंचला. ‘अड्डा कोठें आहे?’ एवढाच प्रश्न विचारावयास शिकलेल्या १८८७ च्या कायद्यास ह्या खेळानें जितकें दमविलें, तितकें दुसऱ्या कशानेंहि नाहीं.

लोकवस्ती पाहून जुगाराला जागा देण्याची कल्पना परदेशांत अधिक उघडपणें अंमलांत आली. तेथील उदाहरणें घेतलीं म्हणजे आपल्याकडील गोंधळहि कळूं लागतो. इंग्लंडांत १९६८ च्या कायद्यानंतर जुगाराचे क्लब कोठें असावेत ह्याचे नियम झाले. ज्या क्षेत्राची वस्ती सव्वा लाखाहून अधिक तेथें, आणि शिवाय कांहीं ठरावीक समुद्रकांठच्या विश्रांतिस्थानीं, एवढीच परवानगी. अशीं एकंदर त्रेपन्न क्षेत्रें ठरलीं. तत्त्व असें कीं, खेळण्याची इच्छा असणारांची सोय करावी, परंतु ज्याला इच्छा नाहीं त्याच्या मनांत ती उत्पन्न करूं नये. क्लबाचा सभासद झाल्यावर सुद्धां अठ्ठेचाळीस तास थांबल्याखेरीज खेळतां येत नसे. लहर ओसरून जावी म्हणून ठेवलेले हे दोन दिवस म्हणजे इंग्रजी स्वभावाचा एक गमतीदार नमुनाच. २००५ च्या कायद्यानें ही सर्व पद्धत बदलली.

फ्रान्सनें उलट टोकाहून आरंभ केला. १९०७ च्या कायद्यानें समुद्रकांठचीं, औषधी झऱ्यांचीं आणि हवापालटाचीं गांवें, म्हणजे जेथें स्थानिक वस्ती थोडी आणि पाहुणे पुष्कळ, तेवढींच कॅसिनोला मोकळीं ठेवलीं. १९२० सालीं पॅरिसभोंवतालच्या शंभर किलोमीटरांत कॅसिनोस बंदी झाली. आपल्या तीन मैलांच्या वर्तुळाचें हें जणूं मोठें चित्र, तेथेंहि वर्तुळाच्या आंत कायदा कडक आणि बाहेर सैल. पुढें १९८८ सालीं बोर्दो शहराचे नगराध्यक्ष शाबां-देल्मास ह्यांच्या पुढाकारानें एक दुरुस्ती झाली. जें पर्यटनस्थान पांच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरसमूहाचें मुख्य शहर आहे, आणि जें राष्ट्रीय नाट्यगृह, वाद्यवृंद किंवा ऑपेरा ह्यांच्या खर्चाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भार उचलतें, त्यालाहि कॅसिनो मिळूं लागला. ज्या कायद्याला मोठीं शहरें नकोशीं होतीं त्यालाच तीं आतां हवींशीं झालीं. कारण जुगाराच्या उत्पन्नावर व्हायोलिन वाजावयाचें होतें.

अमेरिकेंतील नेवाडा राज्यांत जुगार १९३१ पासून कायदेशीर आहे. तेथील घटना एखाद्याच शहराला उद्देशून खास कायदा करण्यास मनाई करते. विधिमंडळानें त्यावर तोड काढली ती लोकसंख्येची. लास व्हेगस ज्या काउंटींत येतें तिचें नांव न घेतां ‘सात लाख किंवा अधिक वस्तीची काउंटी’ असें लिहावयाचें. राज्यांत तशी काउंटी एकच, म्हणजे नांव न घेतां काम झालें. एक लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या काउंटींत नव्या मोठ्या जुगारगृहाला परवाना हवा असेल, तर त्याबरोबर दोनशेंहून अधिक खोल्यांचें हॉटेल बांधावें लागतें, असा नियम १९९१ पासून आहे. जुन्यांना त्यांतून सूट मिळाली. परिणाम असा कीं, लास व्हेगस आणि रीनो येथें थोड्या भांडवलाच्या नव्या माणसाला दार बंद झालें. किराणा दुकानांत पंधरापर्यंत यंत्रें ठेवण्याचा किरकोळ परवाना तेवढा त्याच्या वाट्यास राहिला. एल्कोसारख्या लहान वस्तीच्या काउंटींत मात्र खोल्यांची ही अट नाहीं. वस्ती वाढली तर जनतेचें अधिक रक्षण व्हावें हा अशा अटीचा सांगितला जाणारा हेतु. रक्षण होतें तें पुष्कळदां आधींच दुकान मांडून बसलेल्यांचें.

आतां परत घराकडे वळावयाचें तर १९७६ हें साल फार मौजेचें आहे. त्या एका वर्षांत मराठी-कोंकणी मुलुखांत दोन कायदे झाले. गोवा, दमण व दीव ह्या केंद्रशासित प्रदेशानें सार्वजनिक जुगाराविरुद्ध कायदा केला. आणि महाराष्ट्रानें कॅसिनोंचें नियंत्रण करून त्यांवर कर बसविणारा कायदा केला. एकानें दार लावलें, दुसऱ्यानें उघडलें असें कागदावर दिसत होतें. प्रत्यक्षांत घडलें तें बरोबर उलट. महाराष्ट्राचा कायदा मंजूर झाला खरा, पण तो अंमलांत आणण्याचा दिवस कोणत्याच सरकारनें जाहीर केला नाहीं. सत्तेचाळीस वर्षें तो ग्रंथांत पडून राहिला आणि २०२३ सालीं रद्द करण्यांत आला. इतकीं वर्षें जन्माला न येतांच मेलेला कायदा दुसरा क्वचितच सांपडेल.

गोव्यानें मात्र १९९२ सालीं आपल्या बंदीच्या कायद्यांतच एक खिडकी पाडली. पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांस परवानगी मिळाली. आणि १९९६ च्या दुरुस्तीनें किनाऱ्यापासून दूर तरंगणाऱ्या जहाजांवर टेबलावरचे खेळहि चालूं लागले. येथेंहि माप वस्तीचेंच आहे, पण तें गांवाच्या वस्तीचें नव्हे, पाहुण्यांच्या ऐपतीचें. पांच तारे म्हणजे कोण येणार हें ठरविण्याचीच एक युक्ति. जमिनीवर यंत्राशीं खेळावयाचें. खरे पत्ते, खरा फांसा आणि समोर वाटणारा खरा माणूस हवा असेल, तर पाण्यावर जावयाचें. जहाजांची वार्षिक फी सुद्धां त्यांच्या प्रवासीसंख्येप्रमाणें ठरते; म्हणजे शिरगणती अखेर जहाजाच्या फळीपर्यंत येऊन पोंचली.

‘किनाऱ्यापासून दूर’ ह्या शब्दांचा अर्थ मात्र मांडवी नदींत बदलून गेला. समुद्रांत जावयाचीं जहाजें पणजीसमोर नदीच्याच पात्रांत नांगर टाकून राहिलीं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें पणजी शहराची वस्ती सुमारें चाळीस हजार, आणि सबंध गोव्याची साडेचौदा लाखांच्या आसपास. इंग्लंडच्या सव्वा लाखाच्या मापानें पणजीला क्लब मिळाला असता तो केवळ पर्यटनाचें गांव म्हणून. फ्रान्सच्या पांच लाखांच्या मापानें तें नापास झालें असतें. परंतु जहाजांस पणजीची वस्ती मोजावयाचीच नव्हती. मुंबई, पुणें, बेळगांव, हुबळी, हैदराबाद, दिल्ली येथून येणारे लोक हीच त्यांची वस्ती. शहर लहान आणि बाजार अफाट, अशी ही स्थिति. संध्याकाळीं धक्क्यावर जी गाड्यांची दाटी होते, नदींत उजेडाचे जे फलक लागतात आणि वाहतुकीचा जो भार पडतो, तो चाळीस हजार माणसांच्या गांवानें सोसावयाचा. जहाजें मांडवींतून हलवावीत अशी मागणी वर्षानुवर्षें होत आहे. सरकारें बदललीं, मुदती दिल्या गेल्या, आणि मुदती वाढविल्याहि गेल्या. उत्पन्न मोठें आहे, हेंच त्याचें साधें कारण.

ह्या वादांत गोव्याच्या लोकांस एक गोष्ट मिळाली. १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक गोमंतकीयांस कॅसिनोंत प्रवेश करण्यास बंदी करण्यांत आली. ही कल्पना नवी नाहीं. मोनॅको ह्या चिमुकल्या संस्थानांत कॅसिनोच्या उत्पन्नाचा मोठा बोलबाला. तरी तेथील नागरिकांनीं जुगाराच्या दालनांत खेळूं नये असा नियम एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. नेपाळांतहि कॅसिनो परक्यांसाठीं आणि नेपाळी नागरिकास मनाई. आपल्या माणसाला जपावें ही भावना चांगली, ह्यांत शंका नाहीं. पण ज्या सरकारला ही वस्तु आपल्या माणसासाठीं वाईट आहे हें समजतें, तें ती शेजाऱ्याला विकतें, हें विसरतां येत नाहीं. गोव्याच्या कायद्यानें गोव्याची वस्ती वगळली. उरली ती महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची.

ह्या हिशेबांत तेलगांवच्या माणसाची जागा कोठें पडते, तें पाहण्यासारखें आहे. इंग्रजी मुलुखांतील त्याच्यासारख्या खेड्यांत, जेथें शहरांचीं कलमें लावलेलीं नव्हतीं, तेथें घरांतील जुगारापासून गरिबाच्या संसाराचें रक्षण ह्या कायद्यानें होत नव्हतें, कारण ते खेडें होतें आणि स्टेशन दूर होतें. १९५९ पासून महाराष्ट्रांत त्याला पूर्ण संरक्षण आहे. गांवांत अड्डा चालला तर पोलीस येऊं शकतात, आणि राज्यांत एकहि कायदेशीर कॅसिनो नाहीं. पण एकवीस वर्षें पुरीं झालेलीं असतील, खिशांत ऊस गेल्यावर आलेले पैसे असतील आणि तो रात्रीच्या बसनें पणजीला गेला, तर त्याच्याकडील ओळखपत्र त्याला अडवीत नाहीं. उलट तें ओळखपत्र गोव्याचें नाहीं हाच त्याचा परवाना होतो. शेजारीं उभ्या असलेल्या म्हापशाच्या माणसास दारावरून परत जावें लागतें आणि धारूर तालुक्यांतील माणूस होडींत बसून जहाजावर पोंचतो.

मटक्यानें जें काम टेलिफोनवर केलें, तें पुढें मोबाईलनें अधिक सफाईनें केलें. पैशाचे खेळ हातांतील पेटींत आले. रमीचे डाव चालविणाऱ्यांनीं सिकंदराबादच्या त्याच जुन्या निकालाचा आधार घेतला आणि तामिळनाडू, तेलंगण, आंध्र ह्या राज्यांनीं वेगवेगळे कायदे करून त्यांना आळा घालण्याचा यत्न केला. कोणत्या राज्याच्या हद्दींत खेळणारा बसला आहे हें ठरविण्यांतच पुष्कळ शक्ति खर्च झाली. १८६७ सालीं स्टेशनापासून मैल मोजणारे अधिकारी आणि २०२० नंतर फोनचा ठिकाणा मोजणारे अधिकारी ह्यांच्यांत साधनांचा फरक आहे. प्रश्न तोच राहिला. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध जो कायदा मंजूर केला, त्यांत मात्र शहर, उपनगर, स्टेशन किंवा मैल ह्यांपैकीं कोणतेंच माप नाहीं. खेळ कसबाचा आहे कीं दैवाचा हा भेदहि त्यांत ठेवलेला नाहीं. तो सर्व देशास सारखा आहे. मांडवींतील जहाजांवरचे पत्ते त्या कायद्याच्या विषयांत येत नाहींत, कारण ते खरे पत्ते आहेत आणि टेबलावर वाटले जातात.